लहानुबांचे वासाचे जोडे

परवा माझ्या भाच्यानं माझ्या नाकासमोर मनगट धरलं आणि म्हणाला, "मावशी, ओळख."

मी ओळखलं. कमावलेलं कातडं, त्यावर किंचित धूर. तो चकितच झाला. मग त्यानं मला शिकवायला घेतलं. चामड्याच्या वासाची अत्तरं म्हणे निरनिराळी असतात. उन्हाळ्यात हलकं लावायचं, थंडीत दाट, कामावर जाताना एक, लग्नाला जाताना दुसरं. आणि हे सगळं परदेशातल्या रसिक लोकांनी शोधून काढलेलं आहे. यावर मी त्याच्यावर अशी खेकसले की माझी बहीण स्वयंपाकघरातून हातात उलथनं घेऊन धावत आली. पोराची काही चूक नव्हती. पण मला राग आवरेना. ही सगळी विद्या मी ऐन पंचविशीत केज तालुक्यातल्या एका ओढ्याकाठी, एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेली आहे. आणि त्या माणसाला गावानं 'वास मारतो' म्हणून ओढ्यापलीकडे ठेवलं होतं.

त्यांचं नाव लहानू. ओढ्यापलीकडच्या वस्तीतले लोक लहानुबा म्हणत. गावातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना अरे-तुरे करत. म्हणून मी इथं मुद्दाम अहो-जाहोच लिहिणार आहे, कुणाला खटकलं तर खटको.

नांदूरघाटच्या अलीकडे एका लहान गावात मी शाळेवर बाई होते. शाळेच्या मागून ओढा जायचा. ओढ्यापलीकडे लहानुबांचं खोपट आणि खोपटापुढं दगडात बांधलेली चार कुंडं. कातडं कमावायची ही कुंडं त्यांच्या आज्यानं बांधलेली होती. निजामाच्या राज्यात हा आजा एका जहागीरदाराच्या घोड्यांची खोगिरं करायचा. जहागीरदाराला घोड्यावर बसल्यावर जनावराचा वास नको असायचा, म्हणून आज्यानं कातड्याला वास द्यायची रीत बसवली. ती रीत बापाकडून लहानुबांकडे आली. घोडे गेले, जहागीरदार गेले, लहानुबा चपला-जोडे करू लागले, पण वास देणं काही सुटलं नाही.

मी पहिल्यांदा चप्पल करायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलंही नाही. विचारलं, "कुठं जायाचं हाय, बाई?"

"कुठं म्हणजे? शाळेत."

"रोज?"

"रोज."

मग ते आत गेले आणि कातड्याचे तीन तुकडे घेऊन आले. मला हुंगायला लावले. एकाला केवड्याचा वास होता. मला तोच आवडला. त्यांनी तुकडा माझ्या हातातून काढून घेतला. "ह्यो न्हाई. तुमच्या शाळंत निम्मी पोरं सकाळी काही न खाता येत्यात. केवड्याचा वास आला की त्यांस्नी लग्नातलं जेवण आठवंल. काहून जीव घ्यायचा लेकरांचा?" आणि त्यांनी मला वाळ्याची चप्पल करून दिली. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्या वर्गातली पोरं उपाशी येतात हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली मला.

तर असं त्यांचं सगळं बांधलेलं होतं. उन्हाळ्याला तरवडाच्या सालीत कमावलेलं फिकं कातडं आणि वाळ्याचं पाणी. पावसाळ्याला हिरड्यातलं कातडं, करंजाचं तेल आणि नागरमोथा, म्हणजे ओलीचा कुबट वास धरत नाही. थंडीला बाभळीच्या सालीतलं गडद कातडं, त्याला लोबानाचा धूर. नवरदेवाला हिना. वऱ्हाडाला केवडा, तोही बेताचा, कारण वऱ्हाडानं नवरदेवावर कडी करू नये. आणि मयतीला, दुखवट्याला जायचं असेल तर नुसतं कातडं, वर काही नाही. "मेल्या माणसाच्या दारात आपला वास मिरवायचा न्हाई," असं ते म्हणत. "वासाला येळ असती" हे त्यांचं पालुपद होतं. माझ्या भाच्यानं बाटलीवर वाचलं ते हेच. फक्त बाटलीला काच चांगली आहे.

नाकासाठी ते काय काय पाळायचे! विडी नाही, तंबाखू नाही. कुंडातून कातडं काढायच्या दिवशी कांदा नाही. ओलं कातडं दोन्ही हातांवर घेऊन, डोळे मिटून ते एकच दीर्घ श्वास घेत, आणि मग त्या कातड्याचं काय करायचं ते ठरे. गिऱ्हाईकाचं मत त्यात धरत नसत. एकदा गावातला एक मातबर गृहस्थ मुलासाठी मुलगी बघायला निघाला होता. त्याला सगळ्यांत भारी वास हवा होता. लहानुबांनी त्याच्यासमोर साधी वाळ्याची जोडी ठेवली. तो भडकला. हे म्हणाले, "पाटील, तुमी पोरगी बघाया चाललाव का सोताला दाखवाया?" गृहस्थ जोडी टाकून तणतणत गेला. संध्याकाळी गड्याला पाठवून तीच जोडी मुकाट्यानं नेली.

दिवाळीनंतर वस्तीतली बरीच घरं ऊसतोडीला जायची. निघायच्या आधी जो तो लहानुबांकडून चपला करून घ्यायचा. तोडीच्या चपलेला ते करंजाचं तेल सोडून काहीच लावत नसत, चिखलात राबणाऱ्या पायाला वास काय करायचा. पण त्यांची सून सारजा पहिल्यांदा तोडीला निघाली तेव्हा त्यांनी उरल्या कातड्याचा एक बटवा शिवला, त्याला दवणा चोळला आणि तिच्या हातात दिला. "कारखान्यावर मळीचा वास लई असतोय. डोकं दुखलं की हे हुंगायचं." सासरा सुनेला असं काही देतो हे मी त्या गावात दुसरीकडे पाहिलं नाही.

आणि हेच गाव त्यांच्या खोपटावरून जाताना नाकाला पदर लावायचं! लहानुबा आरी खाली ठेवून ओरडत, "काहून झाकता गं नाक? वाळा हाय त्यो! फुकट हाय, घ्या की!" बाया फिदीफिदी हसत, पण पदर काही काढत नसत. मलाही माझ्या घरमालकिणीनं सांगून ठेवलं होतं की ओढ्यापलीकडून आलं की पाय धुऊन घरात यायचं. तिच्या पायातली चप्पल लहानुबांनीच केलेली होती. हिला काय म्हणावं?

आता सोसायटीचं सांगते. वस्तीतल्या लोकांनी मिळून चर्मोद्योग सहकारी सोसायटी काढली होती. कल्पना लहानुबांची. बाभळीची साल एकत्र घ्यावी, कुंडं सगळ्यांनी वापरावी, माल शहरात एकाच नावानं विकावा. अर्जावर सगळ्या वस्तीचे अंगठे होते. मी त्या गावात गेले तोवर काय झालं होतं? सभासद वाढले होते. कुणी वाढवले, कसे वाढवले, हे विचारायची सोय नव्हती. आणि चेअरमन होते गावातले बडे बागायतदार. ज्या माणसानं जन्मात कातड्याला हात लावला नाही, लागला तर अंघोळ केली असती, तो चर्मोद्योग सोसायटीचा चेअरमन! सभा त्यांच्या ओसरीवर भरायची. सभासद अंगणात बसायचे. लहानुबा अंगणाच्याही कडेला, निंबाखाली.

चेअरमनच्या डोक्यात वेगळंच होतं. लहानुबांची कुंडं होती ती जागा रस्त्याला लागून. तिथं त्यांना सोसायटीचं गोदाम बांधायचं होतं. तयार कातडं मद्रासहून मागवायचं, ते नुसतं कापायचं आणि शिवायचं. लहानुबा एवढंच म्हणाले, "ते सालीतलं न्हाई, औषध घालून कमावलेलं कातडं हाय. त्याला वास बसत न्हाई. कुंडं गेली तर माझ्या हातात काय र्‍हाईल?" चेअरमननं पुढचा विषय घेतला. लहानुबांना हवं होतं ते एवढंच. ना पद, ना मान. आज्याची चार कुंडं राहावीत.

अशात दुष्काळ पडला. दुसऱ्या वर्षी तर ओढ्यात नावालाही पाणी उरलं नाही. शाळेत पोरं कमी आणि दुष्काळी कामावर जास्त, असं झालं. ओढ्याच्या वरच्या अंगाला जनावरांची छावणी उघडली. छावणी चालवायला पुन्हा आमचे चेअरमनच. चारा येईपर्यंत जनावरं बसायची ती उठायची नाहीत. मेलेली जनावरं ओढ्यात ओढून टाकली जात. लहानुबा चेअरमनकडे गेले. म्हणाले, जनावरांच्या हौदात पिऊन उरलेलं गढूळ पाणी मला द्या. प्यायचं पाणी मागत न्हाई. तेवढ्यात मी कातडी सोडवीन, धुवीन, राहिलेलं पुरीन, म्हणजे घाण होणार न्हाई. चेअरमन म्हणाले, "पाण्याचं नाव काढू नको."

तरी लहानुबांनी पहिल्या काही जनावरांची कातडी मीठ लावून ठेवली होती. एक त्यांनी मला दाखवलं. कागदासारखं पातळ. "उपाशी मेलेलं हाय," ते म्हणाले. "ह्याला अत्तर पाजलं तरी प्यायचं न्हाई." त्या वर्षी त्यांनी कुणालाही वासाचा जोडा करून दिला नाही. लग्नं झाली, चार-दोन झालीच, त्यांनाही नाही. म्हणाले, यंदाचं साल दुखवट्याचं हाय. माणसं चिडली. ह्याला कसला एवढा ताठा, असं बोलली. माझ्या मते त्या सालात त्या गावात शहाणपणानं वागणारा तो एकच माणूस होता.

वैशाखात ओढ्याकडून असह्य दुर्गंधी येऊ लागली. चेअरमनला हेच हवं होतं. त्यांनी सोसायटीच्या नावानंच अर्ज केला की कातड्याच्या कुंडांमुळे गावाच्या आरोग्याला धोका आहे, कुंडं तातडीनं बुजवावीत. म्हणजे लहानुबांनी काढलेल्या सोसायटीनं लहानुबांची कुंडं बुजवायला सांगितलं. ह्या निर्लज्जपणाला माझ्याकडे शब्द नाही.

चौकशीला जिल्ह्याहून एक साहेब आले. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. चहापाणी माझ्याकडे होतं. साहेब खुर्चीवर, शेजारी चेअरमन, आणि लहानुबा पायऱ्यांच्या खाली उन्हात उभे. त्यांना वर या म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

चेअरमननं त्या दिवशी अंगाला काहीतरी लावलं होतं. साहेबांनी हसून विचारलं, "वास छान आहे हो. कुठलं?"

"फॉरेनचं हाय साहेब. मेव्हण्यानं आणलंय," चेअरमन फुलून म्हणाले. "लेदर म्हणत्यात त्याला."

"हं. बरं, तुझं काय म्हणणं आहे रे?" साहेबांनी खाली बघून विचारलं.

लहानुबा म्हणाले, "सायेब, माझी कुंडं दोन महिने झालं कोरडी हायत. थेंब न्हाई पाण्याचा. चला, उतरून दावतो."

"खोटं बोलतोय," चेअरमन म्हणाले. "हितवर घाण यायली की."

"घाण यायली. वारं कुठून हाय ते बघा की. छावणीकडून हाय. त्यो वास सडल्या जनावरांचा हाय. कातड्याचा वास तर सायेबांस्नी आत्ता छान वाटला."

साहेब चपापले. चेअरमनचा चेहरा लाल झाला. लहानुबा तिथं थांबले असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण त्यांनी मान वर केली, डोळे मिटले, एक दीर्घ श्वास घेतला आणि अगदी गिऱ्हाइकाला सांगावं तसं चेअरमनला सांगितलं, "चेरमनसायेब, चीज चांगली हाय. पर हे थंडीचं हाय. बाभळीचं कातडं आन् वरून लोबानाचा धूर. वैशाखात लावत न्हाईत. दुसऱ्याचं डोकं उठतंय."

साहेब मोठ्यानं हसले. व्हरांड्याखाली जमलेले लोकही हसले. मग लहानुबा म्हणाले, "आन् यंदा तुमच्या दावणीला एवढं मरण झालं. यंदा कसलंच लावायचं न्हवतं तुमी."

आता मात्र कुणी हसलं नाही. चेअरमननं शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. त्या कपाच्या आवाजानं मला कळलं की कुंडं गेली. भर सभेत साहेबांसमोर हसं झालेलं तो माणूस विसरणार नव्हता.

तरी अजून एक वाट होती. साहेबांनी विचारलं, "गावात आणखी कुणाला काही माहिती आहे? बाई, तुमची शाळा तर ओढ्यालाच लागून आहे. ह्याची कुंडं चालू आहेत का?"

वस्तीतल्या पोरांना शाळेत बोलवायला मी रोज ओढा ओलांडून त्या कुंडांवरून जात होते. त्यांच्या तळाशी वाळलेल्या सालीवर चिमण्या बसलेल्या मी पाहिल्या होत्या. मला एक वाक्य बोलायचं होतं. पण मी राहत होते ती खोली चेअरमनच्या चुलतभावाची होती. माझी आई अंबाजोगाईकडे अंथरुणाला खिळली होती, तिच्याजवळ बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता, आणि तो अर्ज चेअरमनच्या शब्दावाचून हलणार नव्हता. चेअरमन माझ्याकडे बघत होते. लहानुबाही बघत होते.

मी म्हणाले, "मला त्यातलं काही माहीत नाही."

गावाचा मला राग आहे, चेअरमनचा आहे, कुंडात न उतरता अर्जावर सही करून गेलेल्या त्या साहेबांचा आहे. पण हे वाक्य आठवलं की जो संताप येतो त्याच्यापुढे ते सगळे राग काहीच नाहीत. 

माझी बदली चार दिवसांत झाली. इतक्या चटकन सरकारी कागद हललेला मी पुढे नोकरीत कधी पाहिला नाही. सकाळी ट्रंक घेऊन रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहिले, आणि त्याच सकाळी कुंडं बुजवायला दुष्काळी कामावरची टोळी आणली होती. मुरमाचे ढीग पडले होते. टोळीत बहुतेक बाया वस्तीतल्याच. सारजाही त्यांच्यात होती.

बायांनी घमेली खाली ठेवली आणि त्या जमिनीवर बसल्या. एकीनंही मुरूम उचलला नाही. मुकादम गावातलाच तरुण मुलगा. तो अजिजीनं म्हणाला, "काम न्हाई केलं तर हजेरी न्हाई लागायची. सुकडी बी न्हाई मिळायची." सुकडी म्हणजे कामावरच्यांना मिळणारं कोरडं खाणं. त्यावर त्या वस्तीतली पोरं जगत होती. ती पोरं बांधावर रांगेत बसलेली होती. तरी सारजा म्हणाली, "न्हाई लागली तर न्हाई लागू दे. मामंजीच्या कुंडात मी माती टाकायची न्हाई."

लहानुबा खोपटातून बाहेर आले. त्यांनी कुंडांकडे बघितलं, मग बांधावरच्या पोरांकडे. सारजापुढचं घमेलं उचललं, मुरमानं भरलं आणि पहिल्या कुंडात टाकलं. "उठा गं. टाका. लेकरं तोंडाकडं बघायलीत," ते म्हणाले. सारजा तोंडात पदर कोंबून रडायला लागली, पण उठली. मग एकेक बाई उठली.

दुसरं घमेलं घेऊन वळताना त्यांना मी दिसले. मी कुठंतरी बघायचा प्रयत्न केला.

"निघालाव का बाई?"

मी मान हलवली.

"बरं झालं. आईला बरं वाटंल."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला सांगायचं होतं, लहानुबा, मी चुकले. ते मी सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही.

त्यांनी बरीच घमेली टाकल्यावर मुकादम हजेरीपट घेऊन त्यांच्याजवळ गेला. म्हणाला, "तात्या, तुमचं बी नाव लावतो. तेवढीच हजेरी." त्यांनी विचारलं, "लावता येतंय का?" त्यानं हो म्हटलं, नाव लिहिलं आणि अडखळला. नावापुढं काम लिहायचं होतं.

"कारागीर लिहू का?"

"कशाचा कारागीर बे?" लहानुबांनी घमेलं डोक्यावर घेतलं. "बिगारी लिही."

त्यानं लिहिलं. तेवढ्यात माझी बस आली.